बादलीभर समुद्र

ठोसर गेल्याचा फोन आला तेव्हा मी गिरणीत होतो. आमच्या गिरणीत माग सुरू असले की आवाज एवढा होतो, की शेजारच्या काउंटीतल्या गाई दूध चोरतात, असं मी गेली कित्येक वर्षं सगळ्यांना सांगत आलो आहे. फोरमनने ऑफिसच्या काचेतून हात केला. मी आत जाऊन दार लावलं, आणि विजयावहिनींचा आवाज आला, "भाऊजी, हे गेले. सकाळी. चहाचा कप हातात होता." मी म्हणालो, "येतो." एवढंच. एरवी मला कुठल्याही प्रसंगी गरजेपेक्षा दहा वाक्यं जास्त सुचतात... त्या दिवशी सुचली नाहीत. ठोसर राहायचा त्या कॅरी गावापर्यंत गाडी चालवताना सारखं मनात येत होतं, की हा मनोहर ठोसर आयुष्यात पहिल्यांदाच कुठंतरी वेळेच्या आधी पोचला. ते फेब्रुवारीतलं. आता वसंतातला डॉगवुड फुलून गळायलासुद्धा लागलाय, तेव्हा थोडं लिहिता येईल असं वाटतं.

ठोसर गाडी इतकी हळू चालवायचा, की त्याच्या मागे अडकलेल्या गाड्यांतली मुलं घरी पोचेपर्यंत हायस्कूल पास होत. जेवायचाही तसाच. पंगत उठून, भांडी घासून, पाहुणे निरोप घेऊन गेले तरी हा दुसऱ्या पोळीवर. पण हळू म्हणजे मंद नव्हे. त्याला समोरचं काहीही, मग ती पोळी असो की एखादा आकडा, नीट चावल्याशिवाय गिळता येत नसे. आमची ओळख झाली ती एका चर्चच्या तळघरात, दिवाळीच्या पॉटलकला, म्हणजे घरटी एक पदार्थ आणायच्या जेवणाला. तेव्हा कॅरीत मराठी घरं इतकी थोडी होती, की भांडणंसुद्धा आळीपाळीनं करावी लागत. मी माझ्या सवयीनं सगळ्यांना त्या वर्षीच्या उन्हाळ्याबद्दल सांगत होतो. म्हटलं, गाडीच्या डॅशबोर्डवर पोह्याचे पापड ठेवले, ऑफिसात पोचेपर्यंत भाजून तयार. असा उन्हाळा कुणी पाहिला नसेल. सगळे हसले. कोपऱ्यातल्या खुर्चीवरून एक बारीक माणूस शांतपणे म्हणाला, "कशापेक्षा?"

मी म्हटलं, "काय कशापेक्षा?"

"गरम. कशापेक्षा गरम? मागच्या वर्षीपेक्षा, की इथल्या नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा, की अकोल्यापेक्षा? अकोल्यापेक्षा म्हणत असाल तर नाही बाप्पा."

हा अकोल्याचा. भौतिकशास्त्रात एमएस्सी करून, नंतर इथं अमेरिकेत डॉक्टरेट करून विद्यापीठात लागलेला. काम असं, की शंभरेक वर्षांत जगाची जमीन आणि जगाचे समुद्र किती तापले, ते शोधून एका रेषेत मांडायचं. मी लोकांना त्याची ओळख करून द्यायचो ती 'पृथ्वीचा ताप बघणारा डॉक्टर' अशी. त्यावर तो म्हणायचा, "ताप बघणं सोपं आहे रे. पेशंटची काख कुठं आहे, ते शोधण्यात माझी हयात चालली."

तेही खरंच होतं. जमिनीवर निदान ठिकाणं ठरलेली. पण एखादं तापमान मोजायचं केंद्र गावातून उचलून विमानतळावर नेलं, एखादं सावलीचं झाड तोडलं, की आकडा उडी मारतो, आणि हवामान बिचारं तिथल्या तिथंच असतं. समुद्राचं तर विचारूच नका. पृथ्वीचा बहुतेक भाग पाणी, आणि त्या पाण्यात थर्मामीटर घेऊन कुणी बसलेलं नाही. मग इतकी वर्षं चाललं कसं? तर जाणारी-येणारी जहाजं दोर बांधून एक बादली समुद्रात सोडायची, पाणी वर ओढायची, डेकवर त्यात थर्मामीटर बुडवायची आणि आकडा लिहायची. पुढं इंजिनं मोठी झाली, तेव्हा इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान घ्यायची पद्धत पडली. म्हणजे मोजणारा हात मधेच बदलला. हे सगळं सारखं करून, जुन्याला नवं जोडून एक रेषा काढायची, हे ठोसरचं काम.

आणि त्याची काम करायची रीत म्हणजे, आकडा ज्यानं घेतला, त्याच्या जागी स्वतः उभं राहून तीच कृती करून बघायची. त्याशिवाय त्याचा विश्वास बसत नसे. एकदा त्याला शंका आली, की उंच माणूस आणि बुटका माणूस थर्मामीटर वेगळा वाचत असतील. झालं. माझ्यासारखा ताडमाड आणि विजयावहिनींसारख्या जेमतेम ओट्याला पुरणाऱ्या, अशा आम्हा दोघांना त्यानं एक अख्खी रविवारची दुपार परसात थर्मामीटर लावलेल्या खांबासमोर उभं केलं. वहिनी शेवटी म्हणाल्या, "अहो, आमटी उतू जाईल." तर हा म्हणतो, "हो, पण टाचा उचलू नकोस." त्यांची मुलगी अनघा खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "ममा, जस्ट से नो." वहिनींनी नो म्हटलं नाही. आमटी उतू गेली. मला वाटतं तिचा करपट वास अजून त्या स्वयंपाकघरात आहे... अर्थात हे मी जरा वाढवून सांगतोय.

मग आला गेल्या वर्षीचा, म्हणजे अठ्ठ्याऐंशीचा उन्हाळा. तो तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. मिसिसिपी नदी आटून मालाचे बार्ज रुतून बसले, टीव्हीवर रोज तडकलेली शेतं, आणि जो उठेल तो विचारायचा, ही पृथ्वी तापतेय का? ज्या ठोसरला आपल्या गल्लीतला पोस्टमनही ओळखत नव्हता, त्याला एकाएकी भाव आला. त्याचा डायरेक्टर वॉल्टर, मोठा मनमोकळा माणूस, त्यानं ठरवलं की वॉशिंग्टनला एका समितीपुढं ठोसरची रेषा दाखवायची, आणि दाखवायची ठोसरनंच. त्याच समितीतल्या मंडळींच्या हातात पुढची ग्रँट होती. ठोसरची नोकरी कायमची नव्हती, पगार सगळा त्या ग्रँटमधून. अनघा सप्टेंबरात कॉलेजला जाणार, घराचे हप्ते चालू. एका बैठकीत सगळं मार्गी लागणार होतं. वहिनींनी त्याच्यासाठी नवा सूट आणला. ठोसर तो घालून उभा राहिला, तर सूट एकीकडे आणि ठोसर दुसरीकडे, मधून आमची अख्खी गिरणी गेली असती.

जुलैत आम्ही सगळे जवळच्या तळ्यावर पिकनिकला गेलो होतो. मी कापडवाला माणूस. गिरणीतल्या जाड कॅनव्हासचा एक तुकडा घेऊन मी हौसेनं छागल शिवली होती. छागल म्हणजे आपल्याकडे पूर्वी जीपच्या पुढं टांगायचे ती पाण्याची कापडी पिशवी. सकाळपासून झाडाला, वाऱ्यावर टांगली होती. ठोसर कपभर पाणी प्यायला, आणि कप तोंडापासून थोडा लांब धरून तो तसाच उभा राहिला.

"हे बर्फात ठेवलं होतंस?"

"बर्फ कशाला? कापडातनं पाणी झिरपतं, वाऱ्यानं उडतं, आतलं गार होतं. इचलकरंजीच्या माणसानं हे अकोल्याच्या माणसाला सांगायचं म्हणजे..."

"सुऱ्या," तो म्हणाला, "जहाजावरची बादली कशाची होती?"

मला वाटलं, याला ऊन लागलं. पण त्याचा चेहरा उतरला होता. मग त्यानं समजावलं. त्यानं बादली म्हणजे लाकडी बादली धरली होती, कारण सुरुवातीला तपासलेल्या जहाजांवर लाकडीच होत्या. लाकडातलं पाणी वर येईपर्यंत फारसं गार होत नाही. पण नंतरच्या कितीतरी जहाजांवर कॅनव्हासच्या बादल्या होत्या, घडी करून ठेवता येतात म्हणून. कॅनव्हासची बादली म्हणजे तोंड उघडी छागलच. तिच्यातलं पाणी डेकवरच्या वाऱ्यात गार होणार, थर्मामीटर कमी दाखवणार. म्हणजे जुने समुद्र त्याच्या रेषेत प्रत्यक्षाहून थंड दिसत होते, आणि म्हणून पुढची वाढ खऱ्याहून मोठी. त्याचे वडील पीडब्ल्यूडीत जीपचे ड्रायव्हर. त्या जीपच्या बंपरवरच्या छागलीचं पाणी पिऊन हा वाढलेला. "माझ्याशिवाय दुसरा कुणी चुकला असता तर समजू शकलो असतो," तो म्हणाला. पुढं त्या पिकनिकला तो काही जेवला नाही, आणि त्याच्या वाटची वांगी मी खाल्ली, कारण दुःखात कुणीतरी खंबीर राहायला पाहिजे.

पुढच्या शनिवारी त्यानं मला बोलावलं. मी जुन्या पद्धतीच्या विणीचा कॅनव्हास मिळवून त्याच्या बादल्या शिवल्या होत्या. आता जहाज कुठून आणायचं? तर माझी स्टेशन वॅगन. ती एवढी लांब होती, की पुढच्या सीटवर पाऊस आणि मागच्या सीटवर ऊन असायचं. मागचं दार उघडं टाकून, पाय बाहेर सोडून ठोसर बसला, हातात तळ्यातल्या पाण्यानं भरलेली कॅनव्हासची बादली, बादलीत थर्मामीटर, शेजारी जोडीला लाकडी बादली. अनघाला बरोबर चल म्हटलं, तर ती म्हणाली, "नो वे, काका. समबडी फ्रॉम स्कूल विल सी मी." आणि मला हुकूम काय, तर जुन्या स्टीमरच्या वेगानं चालव. जुना स्टीमर म्हणजे सायकलवरच्या म्हाताऱ्याशी शर्यत लावली तर हरेल. मी त्या काउंटी रोडवर तसा चाललो होतो, आणि मागं लागलेली रांग, माझ्या अंदाजानं, शेजारच्या व्हर्जिनिया राज्यात शिरली होती.

अर्थातच पोलीस आला. लांबलचक दक्षिणी इंग्रजीत, प्रत्येक शब्दावर विश्रांती घेत त्यानं विचारलं, "सर, काही अडचण आहे का?"

मी म्हटलं, "नाही ऑफिसर, मी फक्त ड्रायव्हर. कॅप्टन मागे आहे."

तो मागे गेला. ठोसर थर्मामीटरवरून नजर न काढता म्हणाला, "एक मिनिट. आकडा स्थिर होऊ दे." पोलीस खरंच थांबला. मग त्यानं विचारलं, "बादलीत काय आहे?"

"पाणी."

"नुसतं पाणी?"

"हो. पण या बादलीतलं गार होतंय आणि त्या बादलीतलं नाही. हात घालून बघा."

त्या पोलिसानं हॅट सावरून दोन्ही बादल्यांत हात घातला. मग म्हणाला, "खरंय." आमच्या बाजूनं साक्ष देणारा तो अमेरिकेतला पहिला सरकारी माणूस. दंडाचं तिकीट दिलं नाही, पण घरापर्यंत मागं दिवे लावून आला. ठोसरला ते आवडलं. म्हणाला, "बंदरात शिरताना पायलट बोट असतेच."

त्यानं ते परत परत केलं. ढगाळ हवेत, उन्हात, बादली उन्हात धरून, सावलीत धरून. तोपर्यंत बैठक जवळ आली होती. एका रविवारी दुपारी मी गेलो, तर वहिनी दाण्याचं कूट करत होत्या आणि ठोसर समोर नुसता बसला होता.

"वाढ किती कमी होईल?" वहिनींनी विचारलं.

"थोडीशी. दशांशातली."

"टीव्हीवर दिसेल ती थोडीशी?"

"नाही दिसणार."

"आणि समुद्र तापतोय ते खोटं ठरतं का?"

"नाही गं. ती वाढ आहेच. जमीन तेच सांगते. फक्त मी दाखवली तेवढी नाही."

"मग यंदा जाऊ द्या ना तशीच, अहो. पुढच्या वर्षी दुरुस्त करा. कुणी म्हणणार आहे का तुम्हाला काही? पोरीचं कॉलेज आहे."

ठोसरनं खाली सांडलेले दाणे वेचून वाटीत टाकले. मग म्हणाला, "विजया, ती थोडीशी समुद्राची नाही. बादलीची आहे."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "अरे, माझ्यासारखे लोक आहे त्याच्या दुप्पट सांगतात आणि सुखानं झोपतात. तू काढलंस तेवढं तरी राहू दे."

"तुझं ठीक आहे राजा," तो म्हणाला. "तुझ्यावर कुणी विश्वासच ठेवत नाही. माझ्यावर ठेवतात, तीच पंचाईत आहे."

वहिनी हसल्या नाहीत. खलबत्ता जरा जोरात वाजला. मीही मग एकदम गिरणीतलं काहीतरी काम आठवून उठलो.

वॉल्टरला त्यानं सोमवारी सांगितलं. वॉल्टर वाईट माणूस नव्हता. त्यानं विनवलं, की रेषा आहे तशी ने, खाली बारीक अक्षरात टीप दे. ठोसर म्हणाला, टीप वाचायला कुणी थांबत नाही, सगळे रेषा बघून उठतात. आणि नवी रेषा काढायला अजून काही महिने लागतील. झालं. वॉशिंग्टनला दुसऱ्याच गटाची जमिनीची रेषा गेली. सूट कपाटात गेला. शरद ऋतूत ग्रँट आली, पण कापून आली. ठोसर वर्षभरापुरता, अर्ध्या पगारावर राहिला, आणि त्याची खोली गेली. त्याला झेरॉक्स मशीनशेजारी बिनखिडकीची जागा मिळाली. वहिनींनी मॉलमधल्या दुकानात कपडे ऑल्टर करायचं काम धरलं. त्यांनी त्याबद्दल माझ्याकडे किंवा कुणाकडे तक्रारीचा एक शब्दही काढला नाही, आणि मला वाटतं ठोसरकडेही नाही. एवढं मात्र खरं, की दुकानाच्या दारापर्यंत त्यांना सोडायला आणि आणायला तो रोज जायचा, आणि त्याच्या वेगानं गेलं तरी उशीर होणार नाही इतक्या लवकर निघायचा.

नोव्हेंबरात नवी रेषा पुरी झाली, आणि त्यानं ती विद्यापीठातल्या सेमिनारात मांडली. मी सुट्टी काढून गेलो, मागच्या रांगेत बसलो, त्यातलं मला निम्मं कळलं... बरं, पाव. पुढच्या रांगेत एक वयस्क प्राध्यापक होते. पृथ्वी तापतेय यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, आणि समोरच्याला सोलून काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नाही, असं ठोसरची सहायक लिंडा माझ्या कानात कुजबुजली. ते उठले आणि म्हणाले, "डॉक्टर ठोसर, तुमची ही समुद्राची वाढ म्हणजे कॅनव्हासच्या बादल्या आहेत, दुसरं काही नाही."

ठोसर म्हणाला, "काही भाग होता. तो मी काढून टाकला. उरलेली पुढच्या स्लाइडवर आहे."

स्लाइड बदलली. रेषा जरा बसकी झाली होती, जेवून उठल्यावर कंबरपट्टा सैल केलेल्या माणसासारखी. पण चढत होती. प्राध्यापकांनी विचारलं, वारा धरला का? धरला. ऊन? धरलं. बादली वर ओढून किती वेळ ठेवायचे? तेही. शेवटी त्यांनी विचारलं, ती बादली बघायला मिळेल का? ठोसरनं टेबलाखालच्या पिशवीतून माझी बादली काढून दिली. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली, शिवण चाचपली. शिवणीला ते काही बोलले नाहीत, ते मी त्यांना माफ केलं. त्यांचं मत बदललं, असं मी इथं लिहिलं असतं. दुसऱ्या कुणाबद्दल असतं तर प्राध्यापकांना मी रडवलंही असतं. पण ठोसरच्या बाबतीत ती सोय नाही. ते एवढंच म्हणाले, "मला अजून पटलेलं नाही. पण आता मला दुसरं कारण शोधावं लागेल." परतताना गाडीत ठोसर म्हणाला, "माणूस मोठा आहे." आणि मग बऱ्याच वेळानं, "आता विजयाला सांगता येईल." काय सांगता येईल, ते मी विचारलं नाही. तो गाडी चालवत होता, आणि त्या संध्याकाळी चक्क वेगमर्यादेच्या जवळपास.

त्यानंतर तीन महिन्यांनी तो चहा, तो कप.

परवा वहिनींना घेऊन मी विद्यापीठात गेलो. त्याचं सामान आणायचं होतं. झेरॉक्स मशीनची ती घरघर, पलीकडं दोन खोकी, एक स्वेटर, आणि भिंतीवर लांबच लांब आलेखाच्या कागदावर त्याची रेषा. लिंडा वाट बघत होती. तिनं सांगितलं, की जहाजांच्या नोंदींचे कागद टपालानं यायला महिने लागतात, दक्षिणेकडचे तर सगळ्यात शेवटी येतात. ते येईपर्यंत ठोसर त्या वर्षाचा ठिपका पेन्सिलीनं ठेवायचा. सगळे आल्यावर शाईनं. बाकीचे ठिपके शाईचे होते. शेवटचा, गेल्या उन्हाळ्याच्या त्या वर्षाचा, पेन्सिलीचा. त्यानं तो जानेवारीत मांडला होता.

"कागद आले," लिंडा म्हणाली. "ठिपका किंचित खाली येतो. अगदी केसभर." मग ती जरा अडखळली. "मी विचार करत होते, की मनोचा हा ठिपका असाच राहू द्यावा. त्याच्या हातचा आहे. कुणाला फरक दिसणारही नाही."

मी वहिनींना मराठीत सांगायला लागलो, पण त्यांना कळलं होतं. मी मान हलवून राहू दे म्हणणारच होतो. वहिनी भिंतीजवळ गेल्या. ठिपका त्यांच्या डोक्याच्या वर होता.

"खोडरबर आहे का?" त्यांनी लिंडाला इंग्रजीत विचारलं.

लिंडानं दिलं. वहिनी टाचा उचलून उभ्या राहिल्या, डावा हात कागदाच्या खाली धरला, आणि तो ठिपका खोडला. हळूहळू, कागद न दुमडता. मग बाजूला सरकून म्हणाल्या, "आता जिथं आहे तिथं मांड." लिंडानं मोजलं, पुन्हा मोजलं, आणि शाईचा ठिपका दिला. केसभर खाली. आधीच्या कितीतरी ठिपक्यांच्या वर.

खोडरबराचा काळसर भुगा वहिनींच्या तळहातावर पडला होता. लिंडानं पायानं कचऱ्याची टोपली पुढं सरकवली. वहिनींनी टोपलीकडं बघितलं, थँक यू म्हणाल्या, आणि मूठ मिटली. खोकी मी उचलली, स्वेटर त्यांनी खांद्यावर टाकला. गाडीपाशी आल्यावर मी खोकी खाली ठेवली आणि दार उघडून धरलं, कारण त्यांचा एकच हात मोकळा होता.